आक्का, तुमची बोटं

आक्का, लोक तुमच्याबद्दल बोलायला येतात आणि तुमच्या आजाराबद्दल बोलून जातात. कधी कळलं, कुठं दाखवलं, किती सोसलं, एवढं विचारून झालं की चहा होतो आणि ते उठतात. मी मान डोलावते. मला सांगायचं असतं ते वेगळंच असतं आणि तेवढ्या वेळात ते सांगून होत नाही. मला तुमच्या बोटांबद्दल सांगायचं असतं. ते ऐकून घेईल असं तुमच्याशिवाय कोणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्ही म्हणाल, माझ्याच बोटांचं मला काय सांगतीस. तरी ऐका. तुम्हाला ती आतून ठाऊक होती, मी ती बाहेरून पाहिली.

लग्न होऊन मी निमगाव केतकीला तुमच्या वस्तीवर आले, तेव्हा घरात थोरल्या तुम्हीच होतात. ऐन तरुणपणी नवरा गेला, तुम्ही माहेरी परतलात, आणि माझे सासरे आबा गेल्यावर धाकट्या भावाला शिकवून मार्गाला लावलंत. तो तुमचा बाळू, माझा नवरा. आबांचा मेंढरांचा कळप तोवर संपला होता आणि त्या माळावर डाळिंबाची बाग आली होती. पण चार शेळ्या तुम्ही हट्टाने ठेवल्या होत्या. बाग बाळूची, शेळ्या माझ्या, असं येईल त्याला सांगायचात.

लग्नानंतरच्या त्या पहिल्या मुक्कामात एका सकाळी तुम्ही गाभण शेळीच्या पोटाखाली हात घालून बसला होतात आणि माझ्या माहेरची चौकशी करत होतात. नजर माझ्याकडे, हात तिकडे. मध्येच म्हणालात, "दोन हायेत. एक आडवं पडलंय," आणि पुन्हा माझ्या आईच्या गुडघेदुखीकडे वळलात. मी बारामतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, आमचं घरही तिथंच. माझ्या हाताखालून दिवसभर जे जातं ते छापलेलं असतं. जे कुठं लिहिलेलं नाही ते असं नुसत्या स्पर्शाने समजून घेता येतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी तुमच्याकडे बघत राहिले. तुम्हाला वाटलं मला शेळ्यांची घाण येतेय. म्हणालात, "मास्तरीणबाई, नाकाला पदर लावा न्हायतर घरात जाऊन बसा." मी मास्तरीण नव्हते हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. पुस्तकं सांभाळणारीला काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक नाही, मास्तरीणच बरी, असं तुमचं ठरलं होतं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही.

पुढे छातीतली गाठही तुमच्याच बोटांना लागली. आमच्या बारामतीच्या घरी मेथी निवडता निवडता तुम्ही मला सांगितलंत, आवाज न बदलता, जसं काही शेजारच्या कुणाचं सांगताय. मी हातातली जुडी खाली ठेवली. तुम्ही ठेवली नाहीत. बारामतीलाच ऑपरेशन झालं, डावी बाजू काढली, काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो सुरू झाली, आणि त्या सगळ्यात तुमचा एकच प्रश्न होता की बांडीकडे कोण बघणार. बांडी म्हणजे पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांची तुमची लाडकी शेळी. ती तुमच्याशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नसे.

पहिल्या केमोनंतर तुम्हाला फोडणीचा वास सहन होईना. पाण्याचाही वास येतो म्हणायचात. उलट्यांची गोळी होती, इंजेक्शन होतं, तरी पोटात काही ठरत नव्हतं. तेव्हा कॅन्सरच्या डॉक्टरांनीच नसीमाबाईंचं नाव काढलं. वॉर्डाच्या शेजारी त्यांची छोटी खोली. मूळ इंदापूरच्या, बाजारपेठेत वडिलांचं कापडाचं दुकान, स्वतः रीतसर डॉक्टर झालेल्या आणि नंतर अ‍ॅक्युपंक्चर शिकून आलेल्या. मोठ्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की हे औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. कॅन्सरवर याने काही होणार नाही. झालाच तर तुमचा त्रास कमी होईल.

तुमची आणि त्यांची पहिली भेट मला अजून जशीच्या तशी ऐकू येते. तुम्ही ती केसासारखी बारीक सुई उजेडात धरायला लावलीत आणि विचारलंत, "हिच्यात काय हाय?"

"काही नाही."

"औषध न्हाय?"

"नाही."

"मंग टोचता कशाला?"

नसीमाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, टोचून बघू, उद्या तुम्हीच मला सांगा कशाला टोचलं. मग त्यांनी तुमचा उजवा हात उलटा केला आणि मनगटाच्या रेघेवर तुमच्याच डाव्या हाताची तीन बोटं आडवी ठेवायला सांगितली. जिथं तिसरं बोट संपलं तिथं, दोन शिरांच्या मध्ये, ती जागा. माझी बोटं नाही चालणार, त्या म्हणाल्या. ज्याचं शरीर त्याच्याच बोटांचं माप. हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात धरून होते. जगात इतक्या पट्ट्या, इतके काटे, आणि या एका कामात प्रत्येक माणूस आपलं माप आपल्याबरोबर घेऊन येतो.

तुम्ही मात्र पडल्या पडल्या स्वतःकडे बघून म्हणालात, "साळिंदर केलं गं माझं." शेजारच्या खाटेवरची बाई हसता हसता हलली तशा तिच्या सुया हलल्या, आणि नसीमाबाईंनी तुम्हा दोघींनाही दटावलं.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेनंतर, दवाखान्यातून आमच्या घरी आलो आणि तुम्ही माडगं मागितलंत. हुलग्याच्या पिठाचं, लसणाची फोडणी देऊन. मी फोडणी देताना खिडकी उघडली. तुम्ही आतून म्हणालात, खिडकी लावून घे, वास जातोय. आक्का, मी गॅसपाशी तशीच उभी राहिले. गोळीने असेल, सुईने असेल, दोन्हींनी असेल. पण जो वास आठवड्यापूर्वी तुम्हाला अंथरुणावरून उठवून मोरीत नेत होता, तोच आता बाहेर जाऊ नये म्हणून तुम्हाला राखायचा होता. वाटीभर माडगं तुम्ही सावकाश प्यालात आणि ते पोटात राहिलं. मी त्या दिवशी देवाला काही मागितलं नव्हतं, तरी काही मिळाल्यासारखं वाटलं.

मग औषध बदललं. नव्या औषधाने उलट्या कमी होतील, पण हातापायाची बोटं बधिर होऊ शकतात, तसं झालं तर लगेच सांगा, असं आपल्याला सांगितलं होतं. तुम्ही सांगितलं नाहीत. आम्हाला कळलं ते तव्यामुळे. वस्तीवर तुम्ही भाकरी करत होतात. करपल्याचा वास आला म्हणून तुम्ही तव्यातल्या भाकरीकडे बघितलंत, भाकरी ठीक होती. मग आपण दोघींनी एकदमच तुमच्या हाताकडे बघितलं.

त्याच आठवड्यात बांडीने चरवी लाथाडली. कासेवर तुमची बोटं कधी फार घट्ट, कधी नुसतीच ठेवलेली, आणि तिला ती परकी वाटली. तुम्ही सांडलेलं दूध बघत उकिडव्या बसून राहिलात. म्हणालात, "बोटं हायेत, पर माझी न्हाईत." केस गेले तेव्हा तुम्ही पदर पुढं ओढून घेतला होता, छाती गेली तेव्हा काही बोलला नव्हतात. त्या सकाळी मात्र तुमचा चेहरा मला बघवेना. बाकी काही परत नाही आलं तरी चालेल, पण धार काढता आली पाहिजे, असं तुम्ही मला निक्षून सांगितलंत, जसं काही ते माझ्या हातात होतं.

नसीमाबाईंनी आधी रक्ताचा रिपोर्ट बघितला. प्लेटलेट कमी असतील तर त्या सुईला हात लावत नसत. डाव्या हाताला सुई नाहीच, काखेतल्या गाठी काढल्यात, हात सुजेल. उजव्या हाताला, गुडघ्याखाली आणि पावलांना. डाव्या हाताने काय पाप केलंय, असं तुम्ही विचारलंत. त्या म्हणाल्या, त्याचं गाऱ्हाणं पायांकडून पोचवू. दर वेळी नवं पाकीट फाडून सुई टेकवताना त्या विचारायच्या, काही जाणवलं का, जड, झिणझिण, ओढल्यासारखं. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेल्या असायचात. अंग आक्रसून घ्यायचात, म्हणायचात, "व्हय. लागली." नसीमाबाईंना बरं वाटायचं. मला बरं वाटायचं. मोठ्या डॉक्टरांनाही त्या सांगायच्या की संवेदना बरीच शिल्लक आहे, आणि तव्याचं ते एकदाच घडलं असेल म्हणून औषधाचा डोस आहे तेवढाच चालू राहिला.

हे आठवड्यामागून आठवडे चाललं. मग ती दुपार आली. नसीमाबाईंनी तुमच्या हाताची जागा कापसाने पुसली, तेवढ्यात दारात कोणीतरी कागदाचं पाकीट फाडत काही विचारायला आलं. त्या तिकडे वळल्या. सुईचं न फोडलेलं पाकीट अजून त्यांच्या हातातच होतं. आणि तुम्ही भिंतीकडे तोंड ठेवून दचकलात, हात आखडून घेतलात आणि म्हणालात, "आई गं. बसली."

दारातलं माणूस निघून गेलं. नसीमाबाई स्टुलावर बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "आक्का, मी अजून सुई लावलीच नाही."

तुम्ही तोंड वळवलं नाहीत. भिंतीलाच सांगावं तसं तुम्ही आबांचं सांगायला लागलात. मी तुमच्या घरात इतकी वर्षं वावरले, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मेंढरू आजारी पडलं की आबा विळा तापवायचे आणि त्याच्या खांद्याच्या फऱ्यावर टेकवायचे. माळावर गुरांचा डॉक्टर यायचा नाही, डागणं हेच औषध. चटका बसल्यावर मेंढरू उसळलं तर ते जगणार, त्याला पाला घालून कळपात सोडायचं. जे हललंच नाही त्याची आशा सोडायची. आबा त्याच्यापुढे पाणी ठेवायचे, थोडा पाला ठेवायचे, आणि कळप पुढच्या मुक्कामाला निघायचा. तुम्ही लहान असताना असं एक मागे राहिलेलं मेंढरू तुम्ही वळून वळून बघत गेला होतात. "ते उभं व्हतं," तुम्ही म्हणालात. "पडलं न्हाय का वरडलं न्हाय. नुसतं उभं. आमी लांब गेलो तरी उभंच."

आणि मग म्हणालात, "मला वाटलं, आपुन हालावं. न्हाय हाललं तर तुमी औषध बंद करून मला घरी घालवाल."

सुईच्या पाकिटाचा कागद फाटल्याचा आवाज झाला की एक श्वास घ्यायचा आणि दचकायचं. इतके दिवस तुम्ही हेच करत होतात. तुम्हाला एकही सुई कळलेली नव्हती. आक्का, मी तिथं लोखंडी खुर्चीवर बसून तुमच्या पाठीकडे बघत होते आणि मला काय वाटत होतं ते आज नीट सांगायचा प्रयत्न करते. भीती वाटत होती, कारण त्या खोट्या होकारांवर औषधाचा डोस चालू होता. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी वाटत होतं. न दिसणाऱ्या, न कळणाऱ्या सुईला तुम्ही नुसत्या कानाने गाठत होतात, ते केवळ कोणी तुम्हाला सोडून पुढे जाऊ नये म्हणून. जगण्याची इच्छा हे शब्द मी शेकडो पुस्तकांच्या पाठीवर वाचले आहेत. त्या दुपारी ती माझ्यासमोर भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि तिचे खांदे हलत होते.

नसीमाबाई रागावल्या असत्या तरी मी समजू शकले असते. त्या म्हणाल्या, "इतकं छान दचकायचात, मला वाटलं माझाच हात फार चांगला बसलाय." मग त्यांनी तुमचा हात हातात घेतला. म्हणाल्या, मी डाग देत नाही. तुम्ही हलला नाहीत तरी मी तुम्हाला मागे ठेवून कुठे जाणार नाही. पण कळत नसेल तर नाही म्हणा. तुमच्या होकारापेक्षा तो नकार मला जास्त हवा असतो.

त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. पुढच्या खेपेपासून त्यांनी डोस कमी केला. असंच चालू राहिलं असतं तर नसांना कायमची इजा झाली असती, म्हणाले. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत आणि बाहेर आल्यावर मला म्हणालात की चांगला माणूस आहे, फक्त ओरडायला जरा उशीर करतो.

त्यानंतर तुम्ही इतक्या उत्साहाने नाही म्हणायला लागलात की नसीमाबाईंना तोंडावर हात धरावा लागायचा. न्हाय. ही बी न्हाय. ठोकळा टोचताय तुमी. केमो संपली, तरी आपण आठवड्याला जात राहिलो. इंदापूरची एसटी निमगावात थांबली की तुम्ही चढायचात आणि मी बारामतीच्या स्टँडवर वाट बघत असायचे.

आपलं भांडण त्याच काळातलं. मी वाचायला बसले होते, कारण मला दुसरं काही येत नाही. वाचून मी तुम्हाला सांगितलं की उलट्यांसाठी या सुयांचा उपयोग होतो असं बऱ्याच जणांना दिसलं आहे, पण बधिरपणाचं अजून पक्कं नाही. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, आणि औषध थांबल्यावर नसा आपोआपही सावरतात. नसीमाबाईही तसंच म्हणत होत्या. तुम्ही विचारलंत, उद्या माझी बोटं आली, तर सुईने आली का दिवस गेले म्हणून आली, ते कसं ओळखायचं? मी म्हटलं, ओळखता येणार नाही. तुम्ही म्हणालात, "मंग मला कशाला सांगतीस? बोटांना सांग."

मला वाटलं तुम्ही सुईच्या बाजूच्या. पण तसंही नव्हतं. पुढे एकदा तुम्ही म्हणालात की सुई-बिई काही नाही, उभ्या जन्मात मला कोणी भर दुपारी निजवलं नव्हतं. पंखा लावून, पांघरूण घालून, आता हलू नका म्हणून सांगून. शरीराला त्याचंच नवल वाटलं असेल. यावर मी म्हटलं की मग घरीही दुपारी पडत जा. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी विषय सोडला. तो तिथंच राहिला. परवा कॉलेजात पुस्तकं लावताना मला एक चांगला मुद्दा सुचला आणि कोणाला सांगायचा हेच कळेना.

आणि मग ती सकाळ. तुम्ही भिंतीकडे तोंड करणं केव्हाच सोडलं होतं, छताकडे बघत पडायचात. नसीमाबाईंनी तुमच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या बेचक्यात सुई लावली. मी नकाराची वाट बघत होते. तुम्ही बोलला नाहीत. दचकलाही नाहीत. तुमचा श्वास मध्येच थांबला, डोळे मोठे झाले, आणि तुम्ही इतक्या निश्चल झालात की नसीमाबाईंचा हातही तसाच राहिला.

"कळलं," तुम्ही म्हणालात. कुजबुजल्यासारखं.

"काय कळलं?"

"लांबनं कुणीतरी दार वाजवतंय."

खोलीतली दुसरी बाई रडायला लागली. तुमचा-तिचा काही संबंध नव्हता. खऱ्या सुईला तुम्ही हललाच नाहीत, आक्का. तुम्ही तिचं ऐकत होतात.

सगळं परत आलं नाही. करंगळ्या शेवटपर्यंत मुक्या राहिल्या, पायाच्या बोटांचंही अर्धंमुर्धंच. पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, दोन्ही हातांची, हळूहळू तुमच्याकडे आली. बांडी मधल्या काळात आटली होती. ती पुन्हा व्याली तेव्हा मी मुद्दाम वस्तीवर राहायला आले. पहाट सरली होती, उजाडत होतं. तुम्ही चरवी गुडघ्यात धरलीत, कासेला पाणी लावलंत आणि हात तसाच ठेवून थांबलात. बांडीने मागचा पाय उचलला. बाळू दावं धरायला पुढं झाला, त्याला तुम्ही नजरेनेच मागे पाठवलंत. तिने पाय खाली ठेवला. मग पहिली धार चरवीच्या बुडाशी वाजली.

तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत, आणि मी तशी अपेक्षाही केली नव्हती. तो क्षण तुमचा आणि त्या जनावराचा होता. मी गोठ्याच्या कुडाला टेकून उभी होते. माझ्यासमोर काय घडत होतं त्याला मी नाव देऊ शकत नव्हते आणि आजही देऊ शकत नाही. सुई, दिवस, दुपारची झोप, की मागे राहायला नकार देणारी एक बाई. जे काही असेल ते त्या धारेत होतं आणि फेसाळत वर येत होतं.

आजार परत आला तो यकृतात. डॉक्टरांनी आणखी एक औषध सुचवलं, आणि त्याने काय होईल, काय होणार नाही तेही स्वच्छ सांगितलं. तुम्ही विचारलंत, बोटं राहतील का. ते म्हणाले, सांगता येत नाही. तुम्ही दोन दिवस विचार केलात आणि नको म्हणालात. बाळू तुमच्याशी भांडला, रडला, शेवटी तुमच्या पायाशी झोपला. माझ्याकडे वाचलेलं पुष्कळ होतं, त्यातलं एकही वाक्य तुमच्यापुढे न्यावं असं वाटलं नाही.

नसीमाबाई इंदापूरला माहेरी जाता येता वस्तीवर थांबायला लागल्या. मळमळीसाठी मनगटावर, झोपेसाठी कानाच्या पाळीवर बारीक चिकटपट्ट्या. तुम्ही त्यांना विचारायचात, आज माझं माप घेणार का, आणि स्वतःच बोटं ठेवायचात. अशाच एकदा त्या गेल्यावर तुम्ही मला विचारलंत, अगदी सहज, भाजी काय करू विचारावं तसं: "मला जायाचंच व्हतं, तर मंग ही बोटं माघारी आली कशाला?"

तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. आक्का, तुम्ही गेल्यापासून रोज मी त्या प्रश्नापाशी जाऊन बसते. कधी वाटतं बांडीसाठी. कधी वाटतं, काही गोष्टी कशासाठी म्हणून येत नाहीत, नुसत्या येतात, आणि आपण तिथं असणं एवढंच आपल्या हाती असतं. पण हे तुम्हाला पटलं नसतं. तुम्हाला कामाचं उत्तर लागायचं.

तुमच्या शेवटच्या दिवशी सकाळी थंडी होती. मी हौदावर तुमचे कपडे धुऊन आले. तुम्ही डोळे मिटून होतात, आदल्या दिवसापासून बोलला नव्हतात. मी शेजारी बसले आणि तुमचा हात हातात घेतला. जरा वेळाने तुमच्या कपाळावर आठी आली. तुमचा अंगठा माझ्या तळव्यावरून फिरला, बोटांच्या टोकांपर्यंत गेला, परत आला.

"गार पडल्यात गं हात," तुम्ही म्हणालात. "चुलीपशी जा."

मी गेले नाही. माझा दुसरा हातही तुम्ही चाचपून शोधलात आणि दोन्ही हात आपल्या तळव्यांत धरून पडून राहिलात. बाहेर बाळू शेळ्या सोडत होता. मी हलले नाही. ऊन दारापर्यंत आलं, उंबऱ्यावर चढलं, तरी तुम्ही सोडलं नाहीत. मग डोळे न उघडताच माझी बोटं एकेक करून दाबून पाहिलीत आणि म्हणालात,

"आता झाली गरम."